कळेल अशा भाषेत

यंदा दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची एक पत्र्याची पेटी खाली आली. नानांची. नाना म्हणजे माझे थोरले चुलते. पेटीत दुकानाच्या जुन्या वह्या, एक फुटकी मूस, तराजूची वजनं आणि दोरीनं बांधलेली एक फाईल होती. खटला संपल्यावर वकिलानं दिलेली. २०१९ पासून ती कुणी उघडली नव्हती, कारण उघडून उपयोग नव्हता. त्यातला एकही कागद आमच्या घरात कुणाला वाचता येत नव्हता.

विटा आणि आसपासची गावं ज्यांना माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमचा खानापूर तालुका दुष्काळी. पावसाच्या भरवशावर राहिलं तर पोट भरत नाही, म्हणून इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडली आणि सोन्याचांदीच्या गलाईत शिरली. जुने दागिने आटवायचे, कस काढायचा, टंच सांगायचा, शुद्ध सोन्याची लगड करून द्यायची. देशातल्या जवळपास कुठल्याही सराफ बाजारात जा, मागच्या एखाद्या बोळात भट्टीपाशी बसलेला माणूस विट्याकडचा, आटपाडीकडचा नाहीतर तासगावकडचा निघतो. दसऱ्याला पालख्यांची शर्यत बघायला ही मंडळी गावात येतात, तेव्हा चौकात तमिळ, तेलुगू, मल्याळम, बंगाली अशा सगळ्या बोली मराठीत मिसळून ऐकू येतात. बोली म्हणतोय ते मुद्दाम. आमच्या लोकांना त्या भाषा बोलता येतात, वाचता येत नाहीत.

नानांचं दुकान दक्षिणेतल्या एका शहरात होतं. २०१२ साली मी दहावीत असताना एके रात्री घरी फोन आला की नानांना पोलिसांनी नेलं. कुणीतरी चोर पकडला गेला होता आणि त्यानं सांगितलं होतं की चोरीची साखळी अमक्या गलाईवाल्याकडं आटवली. पोलीस चोराला घेऊन दुकानात आले, भट्टीजवळची एक लगड उचलली, पंचनामा झाला, नाना आत. ती लगड त्याच साखळीची होती का? आटवलेल्या सोन्यावर नाव नसतं.

गलाईच्या धंद्यातल्या माणसाला हा प्रसंग कधी ना कधी येतोच, निदान शेजारच्या दुकानात तरी. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ४११ म्हणजे चोरीचा माल घेणं. कायदा असं म्हणत नाही की माल सापडला की गुन्हा झाला. तो चोरीचा आहे हे माहीत असताना किंवा तसं समजायला कारण असताना अप्रामाणिकपणे घेतला, हे सिद्ध करावं लागतं. पण सिद्ध करण्याची गोष्ट कोर्टात, नंतर. आधी अटक. नाना अकरा दिवसांनी जामिनावर सुटले. खटला सात वर्षं चालला. दर तारखेला धंदा बंद. शेवटी निर्दोष सुटले, पण तोवर दुकान गेलं होतं आणि बाजारातलं नावही.

नानांनी या सगळ्याबद्दल आम्हा मुलांना एकच वाक्य सांगितलं होतं. "सही कर म्हणाले, केली."

ती सही असलेला कागद मी यंदा पहिल्यांदा पाहिला. मोबाईलचा कॅमेरा त्यावर धरला आणि भाषांतराचं ॲप चालू केलं. अक्षरं हलली, थरथरली आणि मराठी उमटलं. खात्री वाटेना म्हणून ऑफिसमधल्या त्या भाषेच्या मित्राला फोटो पाठवला. त्यानंही तेच सांगितलं. कागदावर छापील मजकूर होता. त्याचा सारांश असा, की मला अटकेची कारणं मला समजणाऱ्या भाषेत सांगण्यात आली आहेत आणि ती मला समजली आहेत. खाली मोडी वळणाची, थोडी तिरकी, नानांची मराठी सही.

मला काही समजलं नाही, हे सांगायची सोय त्या कागदावर नव्हती. समजलं, एवढंच त्यावर छापलेलं होतं.

मी कायदा शिकलेलो नाही, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. पण त्या रात्रीपासून एक प्रश्न डोक्यात बसला. अटक का केली हे माणसाला कळलं पाहिजे, हा नियम आला कुठून? आणि कळलं पाहिजे म्हणजे नेमकं काय? गेले काही आठवडे मी याच्याच मागे होतो. जे सापडलं ते असं.

*

भाषेवरून फौजदारी खटल्यात झालेलं महाराष्ट्रातलं सगळ्यात गाजलेलं भांडण १९०८ सालचं. लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला होता. पुरावा काय, तर केसरीतले लेख. 'देशाचे दुर्दैव', 'हे उपाय टिकाऊ नाहीत'. लेख मराठीत आणि निकाल देणार मुंबई हायकोर्टातली नऊ जणांची ज्युरी, सात युरोपियन आणि दोन पारशी. त्यांच्यासमोर गेली ती लेखांची इंग्रजी भाषांतरं. म्हणजे टिळकांनी जे लिहिलं त्यावर नाही, तर दुसऱ्या कुणीतरी त्याचं जे इंग्रजी केलं त्यावर त्यांचा न्याय होणार होता.

टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली. त्यांनी सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली, कुठला शब्द चुकीचा उतरवला, कुठं मूळ अर्थापेक्षा जहाल शब्द घातला, हे एकेक करून दाखवलं. त्यांचं भाषण एकूण एकवीस तासांहून जास्त चाललं. २२ जुलै १९०८ ला सात विरुद्ध दोन मतांनी ज्युरीनं त्यांना दोषी ठरवलं आणि न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा दिली. हेच दावर १८९७ सालच्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे होते.

आपल्याला शाळेत या खटल्यातलं टिळकांचं शेवटचं बाणेदार उत्तर शिकवतात. भाषांतराचं भांडण शिकवत नाहीत. मला मात्र नानांच्या कागदानंतर तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. टिळकांना दोन्ही भाषा येत होत्या, कायद्याची पदवी होती, आणि तरी ते हरले. ज्याला एकच भाषा वाचता येते त्याचं काय?

*

आता जरा लांबचं. आपण सगळ्यांनी अमेरिकन सिनेमात पाहिलेलं असतं, पोलीस हातकड्या घालता घालता एक वाक्य पाठ म्हणतो, की तुला गप्प राहण्याचा हक्क आहे, वकील मिळण्याचा हक्क आहे. या वाक्यामागे अर्नेस्टो मिरांडा नावाचा माणूस आहे. १९६३ मध्ये ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात त्याला अपहरण आणि बलात्काराच्या गुन्ह्यात धरलं. दोनेक तासांच्या चौकशीनंतर त्यानं लेखी कबुलीजबाब दिला. त्या कागदाच्या वरच्या भागात आधीच टाइप केलेला परिच्छेद होता. त्याचा आशय असा, की मी हा जबाब स्वखुशीनं देतोय आणि मला माझ्या कायदेशीर हक्कांची पूर्ण जाणीव आहे.

हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप मिटून थोडा वेळ बसलो. फिनिक्समधला कागद आणि नानांचा कागद, मधे जवळजवळ पन्नास वर्षं, आणि युक्ती तीच. माणसाला काय कळलं हे माणसाला न विचारता आधीच छापून ठेवायचं.

अमेरिकन सुप्रीम कोर्टानं १९६६ मध्ये हा छापील परिच्छेद पुरेसा मानला नाही. हक्क माहीत आहेत असं कागदावर असून भागत नाही, ते पोलिसांनी चौकशीआधी प्रत्यक्ष सांगितले पाहिजेत, असं ठरवलं. मिरांडाला स्वतःला याचा फायदा झाला नाही. १९६७ मध्ये फेरखटला झाला, कबुलीजबाब वगळून इतर पुराव्यांवर तो पुन्हा दोषी ठरला. हे हक्क असेच असतात. ते बहुतेक वेळा आपल्याला न आवडणाऱ्या माणसाच्या खटल्यातून येतात आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी कामाला येतात.

अमेरिकेत या सगळ्याचा पाया १७९१ च्या घटनादुरुस्त्यांमध्ये आहे. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही, आरोप काय आहे हे आरोपीला कळलं पाहिजे, वकील मिळाला पाहिजे, आणि 'ड्यू प्रोसेस', म्हणजे न्याय्य प्रक्रियेशिवाय कुणाचं जीवित वा स्वातंत्र्य हिरावून घ्यायचं नाही. हा शेवटचा शब्दप्रयोग आपल्याकडं येता येता राहिला.

*

राज्यघटनेचे सल्लागार बी. एन. राव १९४७ च्या अखेरीस अमेरिकेला गेले होते. तिथल्या सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी त्यांना सांगितलं की 'ड्यू प्रोसेस'मुळे निवडून आलेल्या कायदेमंडळाचे निर्णय उलटवण्याची फार मोठी ताकद न्यायाधीशांच्या हाती जाते. मसुदा समितीनं तो शब्दप्रयोग काढला आणि जपानच्या नव्या राज्यघटनेच्या धर्तीवर 'कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' असे शब्द घातले. म्हणजे कायदेमंडळानं जी कार्यपद्धती ठरवली ती पाळली की झालं. ती न्याय्य आहे का, हे कोर्टानं बघायचं नाही.

घटना समितीत यावर मोठा वाद झाला. १३ डिसेंबर १९४८ ला डॉ. आंबेडकरांनी दोन्ही बाजू मांडल्या. कायदेमंडळावर पूर्ण विश्वास ठेवणंही अवघड आणि पाचसहा न्यायाधीशांवर सगळं सोपवणंही अवघड, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. निर्णय त्यांनी सभागृहावर सोडला. सभागृहानं 'ड्यू प्रोसेस' नाकारला.

गोष्ट इथं संपली असती. पण पुढच्या वर्षी, १५ सप्टेंबर १९४९ ला, आंबेडकर एक नवं कलम घेऊन आले, १५-अ. आजचा अनुच्छेद २२. त्यांनी उघड सांगितलं की आधीच्या कलमावर बरीच टीका झाली आणि तिथं जे गेलं त्याची ही भरपाई आहे. भरपाई काय? अटक केलेल्या माणसाला अटकेची कारणं शक्य तितक्या लवकर सांगायची. आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क द्यायचा. आणि चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं.

यातलं बरंचसं इंग्रजांच्या १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होतंच. मग नवं काय? आंबेडकरांचं म्हणणं होतं की साधा कायदा कुठलंही कायदेमंडळ बदलू शकतं. राज्यघटनेत घातलं की तसं सहज बदलता येणार नाही. माझ्या भाषेत सांगायचं तर सेटिंग्जमध्ये असलेली गोष्ट त्यांनी मूळ कोडमध्ये नेली, जिथं कुणीही येऊन ती बंद करू नये.

याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या भागात प्रतिबंधक स्थानबद्धतेलाही जागा आहे, म्हणजे गुन्हा करेल या शंकेवरून आधीच आत ठेवणं. त्या माणसाला चोवीस तासांचं संरक्षण नाही. पण त्यालाही स्थानबद्धतेची कारणं सांगायची आणि आपली बाजू मांडायची संधी द्यायची, एवढं कलम म्हणतं. आणि गंमत अशी की भाषेचा प्रश्न पहिल्यांदा नीट सुटला तो या दुसऱ्या, जास्त कडक भागातून. तोही नागपुरात.

*

१९६१ साल. वेगळ्या विदर्भाच्या आंदोलनाचा काळ. नागपूरच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी हरिकिसन नावाच्या एका माणसाला प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याखाली आत टाकलं. त्याला कारणांचा कागद मिळाला, पण इंग्रजीत. सुमारे चौदा टंकलिखित पानं आणि त्यात तेरा वर्षांतल्या हालचालींची जंत्री. हरिकिसननं कळवलं की मला इंग्रजी येत नाही, हिंदीत द्या. उत्तर आलं की कामकाजाची भाषा अजून इंग्रजी आहे. सरकारची बाजू अशी, की पोलीस अधिकाऱ्यानं कागद देताना तोंडी हिंदीत समजावून सांगितलंय.

सुप्रीम कोर्टानं १९६२ मध्ये 'हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या निकालात हे अमान्य केलं. कारणं कळवायची ती कशासाठी, तर त्या माणसाला आपली बाजू मांडता यावी यासाठी. चौदा पानं कुणीतरी एकदा तोंडी सांगितली म्हणून ती त्याच्या हातात आली असं होत नाही. ज्याला इंग्रजी येत नाही त्याला समजणाऱ्या भाषेत, समजणाऱ्या लिपीत कागद मिळाला पाहिजे. नाही मिळाला, म्हणून स्थानबद्धता बेकायदा. माणूस सुटला.

हे वाचून मला आधी आनंद झाला आणि मग राग आला. १९६२! नानांच्या अटकेच्या पन्नास वर्षं आधी. मग नानांना का नाही? कारण तो नियम स्थानबद्धतेचा होता. साध्या अटकेत 'कारणं सांगायची' एवढंच कलम म्हणतं. लेखी का तोंडी, कुठल्या भाषेत, हे पोलीस ठाण्याच्या सवयीवर राहिलं. आणि सवयीनं छापील कागद तयार केला.

मधल्या काळात आरोपींचे बाकीचे हक्क हळूहळू वाढत गेले आणि त्यातले कितीतरी महाराष्ट्रातल्या खटल्यांतून आले. १९७८ च्या मेनका गांधी खटल्यात सुप्रीम कोर्टानं म्हटलं की कार्यपद्धती नुसती कायद्यात असून चालणार नाही, ती न्याय्य आणि वाजवीही हवी. म्हणजे समोरच्या दारातून नाकारलेला 'ड्यू प्रोसेस' तीस वर्षांनी मागच्या दारानं घरात आला. त्याच वर्षी 'होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य' आलं. बनावट पदवी प्रमाणपत्रांच्या प्रकरणातला हा कैदी सुप्रीम कोर्टात यायलाच चार वर्षांहून जास्त उशीर झाला, कारण निकालाची प्रत वेळेवर त्याच्या हातात पडली नव्हती. त्याचं अपील फेटाळलं गेलं, पण न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ठरवून दिलं की कैद्याला निकालाची प्रत मोफत मिळाली पाहिजे आणि गरज असेल तर वकीलही सरकारी खर्चानं. १९८३ मध्ये पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या बायकांना भेटून पत्र लिहिलं आणि त्यातून आदेश निघाले. स्त्रियांना वेगळ्या कोठडीत ठेवायचं, पहारा महिला पोलिसांचा, आणि समोर आणलेल्या प्रत्येक आरोपीला मॅजिस्ट्रेटनं विचारायचं, पोलिसांनी मारहाण केली का?

२०१२ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे नानांच्याच वर्षी, अजमल कसाबचं अपील फेटाळताना सुप्रीम कोर्टानं सांगितलं की आरोपी पहिल्यांदा समोर येतो तेव्हाच मॅजिस्ट्रेटनं त्याला सांगायचं की तुला वकिलाचा हक्क आहे, परवडत नसेल तर सरकार देईल. ज्याच्या अपराधाबद्दल कुणाच्याही मनात शंका नव्हती अशा माणसाच्या खटल्यात हे लिहिलं गेलं. त्याच निकालात मिरांडाचीही चर्चा आहे. कोर्टाचं म्हणणं असं, की अमेरिकेचा नियम जसाच्या तसा आणायची गरज नाही, कारण आपल्याकडं १८७२ च्या पुरावा कायद्यापासून पोलिसांपुढच्या कबुलीला पुरावा मानतच नाहीत. हे खरं आहे. पण त्यातही एक फट आहे. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. गलाईवाल्याच्या दारात पोलीस चोराला घेऊन येतात ते याच फटीतून.

*

माळ्यावरची पेटी उतरवून दोन आठवडे झाले होते. ६ नोव्हेंबर २०२५. पुण्यात बसमध्ये मोबाईलवर बातमी दिसली. सुप्रीम कोर्टात सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती ऑगस्टीन मसीह यांच्या पीठाचा निकाल. 'मिहीर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य'. वरळीतल्या एका अपघाताच्या प्रकरणातून आलेला. त्या आरोपीनं गुन्हा केला की नाही हा प्रश्न तिथं नव्हता. प्रश्न एवढाच की अटकेची कारणं लेखी द्यायची का.

आधी २०२३ मध्ये मनी लाँडरिंगच्या कायद्यापुरतं आणि २०२४ मध्ये यूएपीएपुरतं कोर्टानं लेखीचा नियम केला होता. आता सांगितलं की सगळ्याच गुन्ह्यांना, सगळ्याच कायद्यांखाली, कारणं लेखी द्यायची आणि अटक झालेल्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यायची. लगेच शक्य नसेल तर तोंडी सांगा, पण रिमांडसाठी मॅजिस्ट्रेटपुढे उभं करण्याच्या किमान दोन तास आधी लेखी हातात पडलं पाहिजे. नाही दिलं तर अटक आणि रिमांड बेकायदा. हे पुढच्या अटकांना लागू.

पुढच्या. म्हणजे नानांना नाही. शिवाय कागद बदलला म्हणून सवय लगेच बदलेल असंही नाही. 'मला समजणाऱ्या भाषेत दिलं' असा नवा छापील कागद उद्या निघू शकतो. तरी त्यात एक फरक आहे. आता कारणांचा कागद माणसाच्या हातात राहणार, आणि तो कुठल्या लिपीत आहे हे मॅजिस्ट्रेटला दिसणार.

त्या शनिवारी मी विट्याला गेलो. माझा चुलतभाऊ, नानांचा धाकटा, आता दुसऱ्याच राज्यात गलाईवर आहे. त्यांच्या धंद्यातल्या पोरांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. मी ठरवलं होतं की त्यांच्यासाठी एक मेसेज लिहायचा. बसमध्येच तयार केला होता. नानांना वाचून दाखवला. सुरुवात अशी होती, 'अनुच्छेद २२(१) अन्वये अटकेची कारणे लेखी स्वरूपात व आकलनीय भाषेत प्राप्त करून घेणे हा आपला मूलभूत अधिकार असून...'

नानांनी मधेच थांबवलं. "आरं, हे कुणाला कळणार?"

मी गप्प बसलो. त्यांचं बरोबर होतं. मराठी होतं, पण कागद तसाच होता.

मग त्यांनी सांगितलं आणि मी टाईप केलं. 'का धरलंय ते मराठीत लिहून मागा. कागद वाचल्याशिवाय सही करू नका. वाचता येत नसेल तर सहीच्या वर मराठीत लिहा, मला हे वाचता येत नाही. वकील मागा, पैसे नसले तरी मिळतो. चोवीस तासांत कोर्टात नेलंच पाहिजे. मॅजिस्ट्रेटनं विचारलं तर घाबरू नका, खरं ते सांगा.'

"सहीच्या वर लिहायचं ते कुठल्या निकालात हाय?" मी विचारलं. मला तसं काही सापडलं नव्हतं.

"निकालात नसंल," नाना म्हणाले. "मला तवा सुचलं नव्हतं, म्हणून सांगतुय."

मेसेज पाठवला. थोड्या वेळानं ग्रुपवर कुणाचा तरी अंगठा आला, मग आणखी दोनचार. एकानं विचारलं, हे कानडीत पण करून देता येईल का, इकडं जोडीदार कानडी आहे. नानांनी फाईल पुन्हा दोरीनं बांधली. पेटी मात्र माळ्यावर नेली नाही, खालीच ठेवली.